डब्लिन वेस्ट

डब्लिन वेस्ट : आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा (डॉल) बहुसदस्यीय शहरी मतदारसंघ, सदस्यसंख्या ५. राजधानी डब्लिनच्या पश्चिमेस, फिनिक्स पार्कच्या पलीकडे वाढलेल्या उपनगरांचा हा पट्टा आहे. कॅसलनॉक हा सुखवस्तूंचा भाग. ब्लँचर्ड्सटाउन, मलहडर्ट, कॉर्डफ येथे कामगार कुटुंबांच्या वसाहती. तर टायरेल्सटाउनसारख्या नव्या वस्त्यांत परदेशांतून आलेले लोक मोठ्या संख्येने राहतात. कट्टर समाजवादी आणि उजवीकडे झुकलेले उमेदवार एकाच वेळी येथून निवडून येतात, त्याचे मूळ या सरमिसळीत आहे.

मतदान एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते. विधान परिषदेच्या निवडणुकीत महाराष्ट्रातले आमदार जसा पसंतीक्रम लिहितात, तसा येथे सामान्य मतदार लिहितो. पाच जागांसाठी कोटा वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून किंचित अधिक असतो. विजयी उमेदवाराची कोट्यावरची मते आणि बाद झालेल्यांची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. त्यामुळे स्वपक्षाचा सहउमेदवारही प्रतिस्पर्धीच ठरतो, आणि विरोधकाच्या मतदाराकडे दुसरी पसंती मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

मतदारसंघ १९८१ मध्ये पाच जागांचा म्हणून अस्तित्वात आला. पुढे जागा घटत २००२ मध्ये ३ झाल्या, २०११ मध्ये ४ आणि २०२४ मध्ये पुन्हा ५.

सर्वांत गाजलेली घटना १९८२ ची. पंतप्रधान चार्ल्स हॉही यांचे फीना फॉल पक्षाचे सरकार अल्पमतात होते. त्यांनी येथील विरोधी फीना गेल पक्षाचे सदस्य डिक बर्क यांना युरोपीय आयुक्तपद देऊ केले आणि बर्क यांनी ते स्वीकारले. हिशेब साधा होता : पोटनिवडणूक एकाच जागेची, म्हणजे कोटा थेट निम्म्या मतांचा, तेथे प्रमाणशीरपणा उरत नाही, मोठ्या पक्षाचे फावते. प्रचारकाळात एका वसाहतीत झाडे लावली गेली आणि निकालानंतर ती उपटून नेली, असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात फीना गेलचे लिअम स्केली जिंकले. हॉहींच्या हाती जागाही आली नाही आणि मोठे पदही प्रतिपक्षाच्या माणसाकडे गेले.

२००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदानयंत्रांच्या प्रयोगासाठी निवडलेल्या तीन मतदारसंघांत हा एक होता. यंत्रांविषयी शंका वाढत गेल्या, शेवटी ती भंगारात निघाली. कागदी मतपत्रिकांची फेरीमागून फेरी चालणारी मोजणी आयरिश राजकारणाचा आवडता खेळ आहे, तो हिरावला गेला नाही.

मराठी वाचकाला या मतदारसंघाची ओळख असते ती लिओ वराडकरांमुळे. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. व्यवसायाने डॉक्टर असलेले लिओ २००७ मध्ये येथून प्रथम निवडून आले, २०१७ मध्ये पंतप्रधान झाले आणि २०२२ ते २०२४ या काळात पुन्हा त्या पदावर राहिले. तरी पद्धत कोणाची भीड ठेवत नाही : २०२० मध्ये पंतप्रधानपदी असताना त्यांना पाचव्या फेरीपर्यंत थांबावे लागले, पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते शिन फेनच्या पॉल डॉनेली यांना मिळाली होती. २०२४ ची निवडणूक वराडकरांनी लढवली नाही.

देशभर भुईसपाट झालेल्या पक्षाला येथे एखादी जागा सापडते, असे दोनदा घडले. २०११ मध्ये फीना फॉलला संपूर्ण डब्लिनमध्ये मिळालेली एकमेव जागा येथील तत्कालीन अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांची. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत ती मजूर पक्षाकडे गेली. २०२४ मध्ये पाच जागा पाच वेगवेगळ्या गटांना मिळाल्या : जॅक चेंबर्स (फीना फॉल), एमर करी (फीना गेल), पॉल डॉनेली (शिन फेन), रूथ कॉपिंजर (डावी आघाडी) आणि रॉडरिक ओगॉर्मन (हरित पक्ष). ओगॉर्मन हे त्यांच्या पक्षाचे नव्या सभागृहातील एकमेव सदस्य.