पेणचे गणपती: माती, प्लास्टर आणि रंग

रायगड जिल्ह्यातले पेण हे भोगावती नदीकाठचे तालुक्याचे गाव. पोहे, पापड आणि आसपासची मिठागरे यांसाठी ते पूर्वीपासून ओळखले जाते, पण महाराष्ट्रभर नाव झाले ते गणेशमूर्तींमुळे. पेण शहर आणि त्याच्या पंचक्रोशीतली हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर ही गावे मिळून दरवर्षी लाखो मूर्ती घडवतात. या जागांना इथे ‘गणपतीचा कारखाना’ म्हणतात. प्रत्यक्षात तो घराची पडवी असतो, अंगणात ताडपत्री टाकून केलेला मांडव असतो किंवा मोठी पत्र्याची शेड असते. माती, प्लास्टर, रंग, साचे ही त्याची सामग्री. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ती कशी बदलत गेली, हाच या धंद्याचा इतिहास आहे.

घरगुती गणपती मातीचा असावा हा संकेत जुना आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीची पूजा पार्थिव मूर्तीची असते. प्राणप्रतिष्ठा करायची आणि दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी मूर्ती पाण्यात सोडायची. कोकणात यजमान आपल्या घरचा लाकडी पाट आधीच मूर्तिकाराकडे पोचवत असे. मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येई आणि विसर्जनानंतर तोच पाट नदीकाठची मूठभर वाळू किंवा माती घेऊन परत येई. मूर्ती किती मोठी हे पाटाने ठरे आणि एका मूर्तिकाराकडे किती काम आहे हे पाटांच्या संख्येने. जितके पाट, तितक्याच मूर्ती. या पद्धतीत उरलेला माल नावाची गोष्टच नव्हती.

पेणमधल्या कलेच्या आरंभाशी देवधर घराण्याचे नाव जोडले जाते. मात्र धंदा म्हणून तिचा विस्तार झाला तो सार्वजनिक गणेशोत्सवानंतर. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून उत्सवाला सार्वजनिक रूप दिले. मंडळे वाढली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुंबईत गिरण्यांच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांना चाळीतल्या खोलीत तयार मूर्ती हवी होती. गावी पाट देऊन मूर्ती घडवून घेणे त्यांना शक्य नव्हते. पेण मुंबईला जवळचे. धरमतरच्या खाडीतून होडीने माल मुंबईला नेता येई, पुढे मुंबई–गोवा रस्ता झाला. ओळखीच्या यजमानासाठी काम करणारा मूर्तिकार अशा रीतीने अनोळखी गिऱ्हाइकासाठी आधीच मूर्ती करून ठेवू लागला. सामग्रीतले पुढचे बहुतेक बदल या एका गोष्टीतून निघाले आहेत.

खाडीकाठच्या खारेपाटातली गाळाची माती चिकट असली तरी वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून बारीक पोताची, पांढरट-राखाडी शाडूची माती वापरात आली. ती मुख्यतः गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. म्हणजे पेणचा ‘मातीचा गणपती’ पेणच्या मातीचा फारसा कधी नव्हताच. तो आधीपासून परगावच्या कच्च्या मालावर उभा आहे. शाडू भिजत घालतात, खडे काढून गाळतात, मग कापूस किंवा बारीक तंतू मिसळून पायाने आणि हाताने मळतात. मळलेल्या मातीची जाड पोळी साच्याच्या दोन्ही भागांत अंगठ्याने दाबत जायचे, कडा ओल्या करून जोडायच्या आणि माती जरा आवळली की साचा सोडवायचा. हात, सोंड, कान, उंदीर हे भाग बहुधा वेगळे करून ओल्या मातीच्या लेपाने चिकटवतात. साचा फक्त ढोबळ आकार देतो. मुकुटावरची नक्षी, सोवळ्याच्या चुण्या, बोटांची नखे ही लाकडी कोरणीने हातानेच उठवावी लागतात. त्यानंतर मूर्ती सावलीत सावकाश वाळवायची. घाई करून उन्हात ठेवली की मानेशी किंवा मनगटाशी बारीक तडा जातो, आणि तो पुढे रंगाखालूनही डोके वर काढतो.

वाळलेल्या मूर्तीला घासकागद मारून पांढऱ्या रंगाचा हात दिला जाई आणि मग रंगकाम. जुने रंग म्हणजे खडू आणि चुन्याचा पांढरा, गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा, नीळ. आणि हे सगळे बांधून ठेवायला बाभळीचा डिंक किंवा सरस. आज ‘पर्यावरणपूरक’ मूर्तीची जाहिरात करताना या रंगांचे गुणगान होते, पण ते निम्मेच खरे आहे. देवाच्या मूर्तीला लागणारे सर्वांत झळझळीत जुने रंग म्हणजे शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ. शेंदूर हे शिशाचे संयुग, हिंगूळ पाऱ्याचे आणि हरताळ आर्सेनिकचे. परंपरा आणि निरुपद्रवीपणा यांची गल्लत इथे करून चालत नाही. पूर्वीचे पाणी वाचले ते रंग सात्त्विक होते म्हणून कमी आणि मूर्ती थोड्या, लहान व रंग महाग होता म्हणून जास्त. बाजारात स्वस्त तयार रंग आल्यावर हे कुंपण गेले. पुडीचे रंग मागे पडले. तेलरंग, डिस्टेंपर, चमकीचे आणि फ्लुरोसंट रंग आले, रंगाची बंदूक आली आणि दिवसभराचे काम तासाभरात होऊ लागले.

तरीही एक काम बंदुकीने कधीच जमले नाही: डोळ्यांची आखणी. बुबुळ, पापणी, भुवई यांच्या रेषा बारीक ब्रशने एका दमात ओढाव्या लागतात आणि मूर्तीच्या चेहऱ्यावरचा भाव त्यावर ठरतो. पेणच्या मूर्तीला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते ते मुख्यतः या आखणीसाठी. आखणी करणारा कारागीर कारखान्यात सर्वांत मानाचा, आणि हंगामात सर्वांत टंचाईचाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस पेणच्या कारखान्यांत सर्रास झाले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. जिप्सम हे खनिज दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तीत पुन्हा पाणी घातले की काही मिनिटांत ती आवळून परत जिप्सम होते. मूर्तिकाराच्या दृष्टीने ‘काही मिनिटांत’ हे दोन शब्द लाखमोलाचे. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात येते, म्हणजे मागणीचा सगळा जोर ऐन पावसाळ्यात. आणि रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दमट हवेत शाडूची मूर्ती आठवडा-आठवडा वाळत नाही. प्लास्टरला हवेची पर्वा नाही. त्यात काथ्या घालून पोकळ मूर्ती ओतता येते, ती वजनाला हलकी होते, ट्रकमध्ये एकावर एक रचली तरी टिकते आणि रबरी साच्यामुळे नक्षीसकट साच्यातून बाहेर पडते. माती मागे पडली म्हणून भाविकांना बोल लावणारे पुष्कळ आहेत. खरे पाहता मातीला हरवले ते पावसाने, ट्रकने आणि पंचांगाने.

प्लास्टरने कामाची वाटणीही बदलली. हमरापूर, जोहे या गावांत रंग न दिलेल्या ‘कच्च्या’ मूर्ती घाऊक तयार होऊ लागल्या. त्या पेणमध्ये, मुंबई-ठाण्यात, पुण्यात आणि त्याहून दूरच्या शहरांत जाऊन तिथे रंगू लागल्या. काम हंगामी न राहता बारमाही झाले, आणि भातशेतीवर व मिठागरांवर अवलंबून असलेल्या घरांतल्या बायकांच्या हाताला घासकाम व रंगकाम मिळाले. परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठीच्या मूर्ती कित्येक महिने आधी समुद्रमार्गे निघतात. त्यासाठी लागणारे बंदर याच जिल्ह्यात आहे: उरण तालुक्यातले न्हावा-शेवा, १९८९ मध्ये सुरू झालेले. इतका प्रवास झेपण्याजोगी शाडूची मूर्ती बांधणे कठीण, खर्चिकही. चतुर्थीला मूर्तिकाराला स्वतःच्या घरच्या गणपतीसाठी उसंत नसते, म्हणून या भागात अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला साखरचौथीचा गणपती बसवण्याची प्रथा पडली, असे सांगतात. पेण, पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यात ती आजही पाळली जाते.

पाण्यात काय होते ते जिप्समच्या विद्राव्यतेवरून कळते. एका लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, आणि मूर्तीवर रंगाचा थर असेल तर पाणी आतपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. वाहती नदी आणि समुद्र काही अंशी निभावून नेतात. तलावात आणि विहिरीत मूर्ती महिनोन्‌महिने तशीच राहते. भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर ती दुसऱ्या दिवशी भंगलेल्या अवस्थेत परत येते, आणि लोकांच्या मनाला लागते ते हेच दृश्य. प्लास्टर स्वतः विषारी नाही. रंगांतून येणारे शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांचे धोके त्याहून गंभीर असतात. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. ही तरतूद घरांच्या भिंती डोळ्यांपुढे ठेवून झाली होती, पण मूर्तिकारही त्याच दुकानातून रंग घेत असल्याने तिचा थोडा लाभ त्यालाही मिळाला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाबाबत पहिली मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये काढली. मे २०२० मधल्या सुधारित तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालण्यात आली. तोवर त्या वर्षीच्या मूर्ती कारखान्यांत तयार होऊन पडल्या होत्या, वर टाळेबंदी; म्हणून त्या वर्षापुरती ती पुढे ढकलली गेली. त्याच हंगामात राज्य सरकारने घरगुती मूर्ती दोन फूट आणि सार्वजनिक मूर्ती चार फूट अशी उंचीची मर्यादा घातली, तिने पेणला बंदीइतकाच तडाखा दिला. पुढची काही वर्षे नियम कागदावर आणि प्लास्टर बाजारात अशी गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तत्त्वांची कडक अंमलबजावणी करायला सांगितले. मूर्तिकारांच्या संघटना उपजीविकेचा प्रश्न घेऊन न्यायालयात गेल्या. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा अभ्यास केला. ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने प्लास्टरची मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात सोडायला नाही. २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांत आणि त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक जलाशयात, अशी विभागणी झाली. पेणच्या बहुतेक मूर्ती घरगुती मापाच्या, म्हणजे पहिल्या गटातल्या. मूर्ती वर्षभर आधी घडते आणि आदेश हंगामाच्या तोंडावर येतात, ही कारखानदारांची तक्रार रास्त आहे.

कृत्रिम तलावातल्या प्लास्टरचे पुढे काय करायचे, याला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक उत्तर दिले. बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती ठेवली की प्लास्टरचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते आणि वर अमोनियम सल्फेटचे पाणी राहते, जे खत म्हणून वापरता येते. पुणे महापालिकेने ही भुकटी घरगुती विसर्जनासाठी नागरिकांना वाटलीही. लहान मूर्तीला हा उपाय चांगला. मंडळाच्या मूर्तीला त्याचा हिशेब परवडत नाही. कागदाच्या लगद्याची मूर्ती हलकी आणि न फुटणारी खरी, पण लगदा पाण्यात कुजताना त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि छापील कागद असेल तर शाईही सोडतो. मखराच्या बाबतीत बदल वेगाने झाला. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही आला आणि पुठ्ठा, कापड व कागदाच्या मखरांनी बाजार भरला. मखर रातोरात बदलू शकले, कारण ते वाळवावे लागत नाही.

शाडूकडे परत वळलेले कारखाने पेणमध्ये आहेत आणि त्यांची मागणी वाढली आहे. त्यांच्या अडचणी मात्र जुन्याच: मातीचा पुरवठा, वाळवायला जागा, आणि साच्यानंतरचे हातकाम जाणणारे कारागीर, जे प्लास्टरच्या दोन पिढ्यांत कमी झाले. मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतल्या मूर्तिकारांना शाडू मोफत पुरवून पहिल्या अडचणीला हात घातला. शाडूही अखेर खाणीतून येतो आणि तलावात गाळ म्हणूनच साठतो, त्यामुळे विसर्जनानंतर तळाची माती गोळा करून मूर्तिकारांकडे परत पाठवण्याचे ‘पुनरावर्तन’सारखे उपक्रम पुण्यात सुरू झाले. शाडू पुन्हा भिजवून मळता येतो. आवळलेले प्लास्टर पुन्हा भट्टीत तापवल्याशिवाय कामाचे नाही. मात्र परत आलेल्या शाडूत तेलरंगाचे पापुद्रे असले तर ते मळताना गोळ्यात मिसळतात आणि नवी मूर्ती नेमकी त्याच जागी तडकते. त्यामुळे माती परत घ्यायची असेल, तर कारखान्यात आधी तेलरंग बंद करावा लागतो आणि गेरू, खडू व डिंकाच्या पुड्या पुन्हा काढाव्या लागतात.