१९१३ ची लाकडी बोट आणि शाळेतली पोरं

गेल्या आठवड्यात आमच्या खाडीकाठी एक जुना पडाव फोडताना बघितला. बऱ्या फळ्या बाजूला रचलेल्या, बाकीचं सरपण. मालकाला दोष देणार नाही. वापर नाही, उत्पन्न नाही, दुरुस्तीचा खर्च कोण करणार? पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच बोट फिरत होती, 'जोली ब्रीझ'.

फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात १९१३ साली ही बोट बांधली. लांबी ५६ फूट, सगळी लाकडी. नावाचा अर्थ सुखद वारा. काम काय, तर बंदरात येणाऱ्या जहाजापर्यंत पायलटला पोचवायचं. जो आधी पोचेल त्याला काम, म्हणून बोट वेगवान हवी आणि वादळात टिकणारीही. मुख्य शिडाला चार कोपरे, वरच्या कडेला तिरकी काठी, तिला गॅफ म्हणतात. त्यामुळे डोलकाठी फार उंच न करता भरपूर शीड लावता येतं. आपल्या पडावाचं शीड लांब परबाणाला बांधलेलं, ती जात वेगळी.

इंजिनं आली आणि हिचं काम संपलं. काही काळ मासेमारी केली. मग १९२३ मध्ये मार्टिन नावाच्या इंग्रजाने ती घेतली. १९२५ ला पहिली फास्टनेट शर्यत झाली. आयर्लंडजवळच्या खडकाला वळसा घालून प्लिमथला यायचं. सात बोटी उतरल्या, जिंकली ही कामकरी म्हातारी! पुढे १९२९ आणि १९३० ला परत जिंकली, तेव्हा मालक होते बॉबी सॉमरसेट.

मला मात्र या कपांपेक्षा १९३२ ची रात्र मोठी वाटते. बर्म्युडाच्या शर्यतीत 'एड्रियाना' नावाच्या बोटीला आग लागली. सॉमरसेटनी शर्यत सोडली, बोट मागे वळवली आणि जळत्या बोटीला चिकटवली. स्वतःची लाकडी, डांबर लावलेली बोट, विचार करा. अकरापैकी दहा जण उड्या मारून वाचले. अकरावा सुकाणूवर थांबला होता. त्याची उडी चुकली, तो बुडाला.

नंतर बोट बरीच वर्षं पोर्तुगालमध्ये होती. १९७०च्या दशकात इंग्लंडला परतली, एक्सेटरच्या सागरी संग्रहालयाकडे. तिथेच खुंटीला बांधून राहिली असती. पण १९७७ पासून डॉन्टसीज नावाची शाळा ती चालवते. गंमत म्हणजे शाळा विल्टशायरमध्ये, जिथे समुद्रच नाही. पोरं समुद्रावर जातात आणि हिवाळ्यात घासकाम, रंगकामही तीच करतात.

आता कोणी म्हणेल, ते गोरे, त्यांच्याकडे पैसा. खरं आहे, पैसा लागतोच. पण आपल्या मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' जहाज, १८१७ सालचं, आज इंग्लंडच्या हार्टलपूलला उभं आहे. तेही १९८६ पर्यंत पोरांना दर्यावर्दीपण शिकवायला वापरात होतं. लाकूड आपलं, सुतार आपले. आपल्या किनाऱ्यावर त्या काळचं काय उरलंय?

तालुक्यात अजून दोन पडाव आहेत, एक चिखलात रुतलेला, एक झापाखाली. सोमवारी दोन्हींची मापं आणि फोटो घ्यायला जाणार आहे. कोणाच्या घरी जुने फोटो, शिडाची मापं किंवा पडाव बांधलेले आजोबा असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. सुतारकाम येणाऱ्यांनी तर नक्कीच.