गुराबेची नाळ

काळाचौकीहून पूर्वेकडे निघाले, की घोडपदेव आणि रे रोड मागे टाकताच दारूखान्याचा किनारा लागतो. जुनी जहाजे मोडण्याचे ठिकाण म्हणून या किनाऱ्याचा लौकिक. आणि तेथून थोड्याच अंतरावर, दक्षिणेस, जहाजे बांधणारी माझगावची गोदी. जहाज जन्मास येते ती जागा व जेथे ते संपते ती जागा, अशी एकमेकींच्या शेजारी असलेल्या या परिसरातील वाचकांस जहाजाच्या एका अवयवाची कथा रुचेल असे वाटते. तो अवयव म्हणजे नाळ; पाणी कापीत जाणारा जहाजाचा पुढील भाग.

नाळ ही केवळ शोभेसाठी घडविली जात नसे. समुद्र कोणता, वारा कसा आणि शत्रूशी झुंजावयाचे कोणत्या रीतीने, या प्रश्नांची उत्तरे सुतार तिच्या आकारात देत असे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर मध्ययुगीन सागरी युद्ध कोरलेले आहे. त्यांतील वल्ह्यांच्या नौकांची टोके उंच व निमुळती आहेत. कोकण किनाऱ्यावर अशी परंपरा शिवपूर्वकाळापासून नांदत होती.

मराठी आरमाराचे मुख्य लढाऊ जहाज म्हणजे गुराब. हा शब्द अरबी 'घुराब' म्हणजे कावळा यावरून आला. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या गुराबांचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते शत्रुपक्षाचे असूनही बारकाव्यांनी भरलेले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, परंतु मध्यापासून टोकाकडे ती निमुळती होत जाई. तळ उथळ, म्हणून खाडीत सहज शिरे. युरोपीय जहाजाची फुगीर छाती तिला नव्हती. त्याऐवजी भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या गॅलीप्रमाणे लांब, सखल नाळ पुढे झेपावलेली असे. समोरून लाटा आल्या, की गुराब जोराने वर-खाली हेलकावे खाई आणि नाळेवर पाणी चढे. यास्तव नाळेच्या तक्तपोशीला कठडाच ठेवीत नसत; चढलेले पाणी दोन्ही अंगांनी आपोआप वाहून जाई. नाळेच्या मागे लाकडी आडभिंत, त्या भिंतीत झरोके, आणि झरोक्यांतून नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या.

या दोन तोफांतच साऱ्या रचनेचे मर्म होते. त्या काळच्या युरोपीय युद्धनौकेच्या तोफा प्रामुख्याने दोन्ही बाजूंस असत. पुढे आणि मागे ती दुबळी. आंग्र्यांचे खलाशी हे पुरते ओळखून होते. गुराबा शिकारीच्या पिछाडीस गोळा होत आणि दुरूनच नाळेवरील तोफांनी प्रथम तिच्या डोलकाठ्या पाडीत. वारा पडला तर ४०-५० वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत. १७३५ च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचे 'डर्बी' हे जहाज आंग्र्यांच्या हाती पडले ते याच पद्धतीने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात, वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी अवाढव्य जहाजे बांधू नयेत, असा उपदेश आहे. ज्यांना इंग्रज लेखक 'चाचे' म्हणत, त्यांच्या आरमारामागे एवढा विचार होता.

पिछाडीचा हा धोका युरोपात अज्ञात होता असे नाही. परंतु पुढची बाजू किती कच्ची, हे ट्रफल्गारला प्रकर्षाने दिसले. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी नेल्सनची 'व्हिक्टरी' शत्रूच्या रांगेवर सरळ चालून गेली, तेव्हा समोरून येणाऱ्या गोळ्यांस तिला धड प्रत्युत्तर देता येईना, आणि तिच्या नाळेमागची आडभिंतही पातळच. पुढे रॉबर्ट सेपिंग्ज या नौकाशिल्पज्ञाने भक्कम, गोलाकार नाळ रूढ केली. १८१४ ते १८१६ च्या दुरुस्तीत 'व्हिक्टरी'लाही ती मिळाली.

गुराबेचे बळ मात्र मोकळ्या पाण्यात, पाठलागात. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकींस बांधून ठेवलेल्या होत्या. नाळ पुढे करून झेप घेण्यास जागाच नव्हती. एका जहाजास लागलेली आग पाहता पाहता साऱ्यांत पसरली. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट आजही मनाला लागते.

त्यानंतर या किनाऱ्यावरची मोठी लढाऊ जहाजे मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, इंग्रजांसाठी बांधली जाऊ लागली. लाकूड सागाचे, हात इथल्या सुतारांचे. नाळेचा आकार मात्र लंडनहून कागदावर यावयाचा. 'ट्रिंकोमाली' या फ्रिगेटचे नकाशे 'जावा' या जहाजाबरोबर १८१२ च्या अखेरीस गमावले गेले आणि बांधणी नव्या प्रतींची वाट पाहत राहिली. नाळ कशी असावी हे सांगण्याचा अधिकार आता इथल्या सुताराकडे उरला नव्हता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेली ती 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून तिच्या सागवानी अंगावरून हात फिरवता येतो. विजयदुर्गाच्या बंदरात जळालेल्या गुराबांची नाळ पाहावयाची, तर ऑर्मचे वर्णन उघडावे लागते.