हौद्यातली माती आणि भिंतीवरची पाटी

आधुनिक व्यायामशाळेत, जिला आज लहानथोर सारेच ‘जिम’ म्हणतात, पाऊल टाकले की यंत्रांच्याही आधी नजरेस पडते ती भिंतीवरची पाटी. घाम पुसण्यास स्वतःचा पंचा आणावा. वजने वापरून झाल्यावर जागेवर ठेवावीत. ती जमिनीवर आदळू नयेत. यंत्रावर बसून मोबाइलवर बोलत राहू नये. परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये. वकिलीच्या पेशातील मनुष्य अशी पाटी उलटी वाचतो. ज्या कृत्याचा निषेध लेखी करावा लागला, ते कृत्य तेथे नित्य घडत असले पाहिजे, हे त्यास सांगावे लागत नाही. तरुण मित्रांकडून ऐकू येणाऱ्या तक्रारीही नेमक्या त्याच असतात. कोणी बाकावर घामाचे थारोळे सोडून जातो, कोणी चाळीस किलोची तबके दांड्यावर तशीच ठेवून निघून जातो, कोणी आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच दंडाच्या प्रेमात पडतो, तर कोणी न विचारता दुसऱ्यास, आणि विशेषतः स्त्रियांस, उपदेश करीत सुटतो.

ही कलियुगाची करणी म्हणून सोडून देण्याचा मोह होतो खरा. परंतु इतिहास तसे म्हणू देत नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याचा मुक्काम एकदा सार्वजनिक स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रमालिकेतील छप्पन्नावे पत्र या वास्तव्याविषयी आहे. शिशाची वजने उचलणारे पहिलवान कसे कण्हतात, श्वास सोडताना कसे फुसकारतात, मालीश करणाऱ्याच्या हाताचा चपराकीसारखा आवाज कसा येतो, चेंडूचे गुण मोजणारा कसा ओरडतो, हे सारे त्यात आहे. त्यातही एक मार्मिक निरीक्षण असे की, कण्हणाऱ्यांपैकी काही खरोखर कष्टत असतात आणि काही कष्टाचे सोंग करीत असतात. आजच्या जिममध्ये जाणाऱ्या वाचकास या दोहोंतला भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

सेनेकाने तक्रार केली. ग्रीकांनी त्यापूर्वीच कायदा केला होता. मॅसिडोनियातील बेरोइया या नगरीचा, आजच्या वेरियाचा, व्यायामशाळेविषयीचा कायदा शिलालेखाच्या रूपाने उपलब्ध आहे. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील मानतात. आजच्या पाटीचा हा पणजोबाच म्हणावा लागेल. व्यायामशाळेचा अधिकारी नगरसभेने निवडावयाचा. त्याचे वय तीस ते साठ वर्षांच्या दरम्यान असावे. त्याने शपथ घ्यावी. निशाण उतरले की अनुमतीवाचून तीस वर्षांखालील कोणीही व्यायामासाठी वस्त्रे उतरवू नयेत. तरुणांनी लहान मुलांच्या गटात शिरू नये, त्यांच्याशी बोलू नये. अधिकाऱ्याचा अपमान करणाऱ्यास दंड. एवढेच काय, अंगावरून खरवडून काढलेल्या तेल, घाम आणि धुळीच्या लगद्याचीही व्यवस्था या कायद्यात आहे. तो मक्त्याने विकला जाई, कारण औषध म्हणून त्यास गिऱ्हाईक होते. दुसऱ्याच्या घामाची किळस तेव्हाही असेल, पण नगराने त्यातून उत्पन्न काढले!

मात्र या कायद्याचे दुसरे अंग विसरून चालणार नाही. गुलाम, मुक्त झालेला गुलाम, त्या दोघांचे पुत्र, बाजारात धंदा करणारा, मद्यपी, वेडा, इतक्यांना त्या व्यायामशाळेत वस्त्र उतरविण्याची बंदी होती. म्हणजे शिस्त कोणासाठी हे ठरविण्याआधी आपले कोण हे ठरले होते. पाटीवरचा नियम नागरिकाने नागरिकाशी कसे वागावे एवढ्यापुरताच होता. आणि तो नागरिक होता म्हणूनच पाळला जात होता.

आता आपल्याकडे वळू. मल्लविद्येवर आपल्या पूर्वजांनी लिहिले नाही असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि त्यात मल्लांची वय व बळ यांवरून प्रतवारीही केली आहे. ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील ‘मल्लपुराण’ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली प्रसिद्ध केले; आखाड्याचे प्रकार, व्यायामाचे प्रकार, ऋतुपरत्वे आहार असा त्याचा विषय आहे. तरीही तालमीचा जो खरा आचारधर्म, तो पोथीत फारसा उतरला नाही. त्याचा उगम शोधावयाचा तर हौद्यात उतरले पाहिजे.

तालमीचा हौदा म्हणजे नुसता खड्डा नव्हे. लाल माती चाळावयाची. तीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, काव असे जिन्नस मिसळावयाचे. पाणी शिंपून ती मुरू द्यावयाची. आणि हे झाले तरी काम संपत नाही. रोज पायांखाली व पाठींखाली दबून ती माती घट्ट होते. दुसऱ्या दिवशी ती फावड्याने उकरून भुसभुशीत केली नाही तर पडणाऱ्याची हाडे मोडतील. हे उकरण्याचे काम पगारी नोकर करीत नसे. तालमीचे पठ्ठे करीत. हौदा उकरणे हाच मुळी दंड आणि खांदे घडविणारा व्यायाम समजला जाई. ज्याने पहाटे फावडे मारले आहे तो त्या मातीत थुंकत नाही. त्यास तशी पाटी दाखवावी लागत नाही.

दारात पादत्राणे काढणे, कोनाड्यातल्या मारुतीपुढे हात जोडणे, हौद्यात उतरताना चिमूटभर माती कपाळी लावणे, वस्तादाच्या पायांस हात लावणे या चाली आपणां देवळात जाणाऱ्यांना ओळखीच्याच वाटतील. तथापि त्या केवळ भाविकपणाच्या चाली नव्हत्या. प्रतिस्पर्ध्याच्या घामेजल्या अंगावर माती टाकणे हे परक्यास अपमानासारखे वाटेल. वस्तुतः पकड निसटू नये म्हणून दाखविलेले ते सौजन्य असते. मल्लखांबाचीही गोष्ट तशीच. खांब एक आणि मुले वीस. ज्याची उडी झाली त्याने खाली उतरून बाजूस व्हावे, नाहीतर पुढच्याने चढावयाचे कसे? जागा अडवून बसण्याचा दोष तेथे संभवतच नाही, कारण खांबावर बसून राहणे हेच मुळी शक्य नाही! मुद्गलाची जोडी फिरवून झाल्यावर ती भिंतीशी उभी करून ठेवावयाची, आदळावयाची नाही. लाकूड फुटले तर नवी जोडी घडविण्यास वर्गणी आपल्यालाच काढावी लागणार हे प्रत्येकास ठाऊक असे.

या मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभट्टदादा देवधरांस देते. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान त्यांनी स्वीकारले, ही कथा जुन्या तालमींत आजही सांगितली जाते. पेशवाई बुडाल्यावर ही विद्या ब्रह्मावर्त आणि काशीकडे गेली, आणि संस्थानी मुलखांत रुजली. बडोद्यातील जुम्मादादांची तालीम हे त्याचे एक ठळक उदाहरण. जुम्मादादा मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य गजानन यशवंत तांबे, ज्यांना पुढे सारा देश प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखू लागला, ते मराठी हिंदू. १८७८ साली जन्मलेल्या या पुरुषाने आपल्या संस्थेस अखेरपर्यंत गुरूचेच नाव मिरवू दिले. १९५४ साली ते निवर्तले, नाव अजून तेच आहे. ‘वस्ताद’ हा शब्दच मुळी फारसी ‘उस्ताद’चा मराठी अवतार. मारुतीच्या कोनाड्याखाली मुसलमान गुरूच्या पायांस हात लावण्यात त्या पिढीस काही विपरीत दिसले नाही.

माणिकरावांनी सांघिक व्यायामास देशी भाषेतील आज्ञा दिल्या. त्यांच्यापाशी १९०७ पासून तीन वर्षे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड प्रसिद्ध केले. मराठीत एवढा खटाटोप व्हावा आणि तो महाराष्ट्राबाहेर व्हावा, याचा अभिमान आपल्यासारख्या सीमेपलीकडच्या वाचकांनी बाळगला तर तो अस्थानी ठरू नये.

असो. तालमीची थोरवी गाताना माझी लेखणी सैल सुटली, हे मला दिसते. म्हणून आता उलटतपासणी. तालमीच्या दारातून कोण आत येत होते? स्त्री येत नव्हती. ब्रह्मचर्याच्या कल्पनेमुळे हौद्याच्या मातीस तिचा स्पर्शही अनेक ठिकाणी वर्ज्य मानला गेला. तालमी गल्लीच्या, पेठेच्या आणि पुष्कळदा जातीच्या होत्या. दलिताच्या मुलास कोणत्याही हौद्यात सहज उतरता येई असे म्हणणे म्हणजे न्यायासनासमोर खोटी साक्ष देणे होय. पेठापेठांतील वैराला तालमीने माणसे पुरविली, आणि वस्तादाच्या वेताच्या छडीवर अपील नव्हते. बेरोइयाच्या शिलालेखात आणि आपल्या अलिखित रूढीत या बाबतीत फारसे अंतर नाही. आतल्यांची आतल्यांशी वागणूक उत्तम. बाहेरच्यांना दारच नाही.

आजच्या जिमचा वंश मात्र या दोहोंहून निराळा आहे. स्वीडिश वैद्य गुस्ताव झांडर याने १८६५ साली स्टॉकहोममध्ये यंत्रांवर व्यायाम करविणारी संस्था काढली. तेथे यंत्र सेवा करी आणि मनुष्य ती घेई. युजेन सँडो याने १८९७ साली लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर शुल्क घेऊन शरीर घडविणारी संस्था उघडली. हाच सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानचा दौरा करून गेला आणि आपल्याकडच्या कित्येक तरुणांच्या मनावर त्याच्या स्नायूंचे चित्र कोरले गेले. शुल्क भरावे, यंत्र वापरावे, घरी जावे, ही पद्धती येथून आली. तिचा मोठा गुण असा की, पैशास जात नसते आणि पेठही नसते. ज्या स्त्रीस हौद्यात पाऊल टाकता आले नाही तिच्या नातीला आज जिमचे सभासदत्व घेताना कोणाची परवानगी लागत नाही. २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळविले. ते मातीवर नव्हे, मॅटवर.

परंतु त्या पद्धतीत एक फट आहे, आणि सारी पीडा तेथूनच आत येते. कायद्याच्या दृष्टीने पाहा. जिमचा सभासद हा आज ‘ग्राहक’ होय. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा यांनी त्यास मालकाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला. यंत्र मोडके असेल, शुल्क घेऊन सेवा दिली नसेल, तर आयोगाकडे जा. पण शेजारच्या बाकावर घाम सोडून गेलेल्या माणसाचे आणि तुमचे नाते काय? तुमचा करार मालकाशी, त्याचाही करार मालकाशी. तुम्हां दोघांमध्ये कोणताच करार नाही. वजने जागेवर ठेवण्यास नोकर आहे, त्याचा पगार शुल्कातून जातो, मग मी का वाकावे, असे तो मनाशी म्हणतो, आणि निव्वळ कराराच्या भाषेत त्याचा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही. फौजदारी कायदा फार पुढच्या टोकास उभा असतो. कपडे बदलण्याच्या खोलीत चोरून चित्रण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ गाठील. आरशासमोर अर्धा तास उभे राहणाऱ्यास कोणतेही कलम गाठू शकत नाही.

गोमंतकीय वाचकांस हा भेद अधिक लवकर ध्यानी येईल. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या देवस्थान-नियमनाने ज्यास महाजन म्हटले, तो देवळात पावती फाडणारा गिऱ्हाईक नव्हे. उत्सवात त्याचा मान आहे, तसा त्याच्यावर कामाचा वाटाही आहे. पालखीस खांदा देणारा आणि पंगतीत वाढणारा तोच. महाजनपणाही कुळापुरता आणि परंपरेने पुरुषांपुरता राहिला, हा त्याचा दोष तालमीच्या दोषासारखाच आहे. तथापि सभामंडपात घाण करू नये हे महाजनास सांगावे लागत नाही, याचे कारण तो इतरांहून सज्जन असतो हे नव्हे. दुसऱ्या दिवशी झाडू त्याच्याच घराकडे येणार असतो.

अनेक जुन्या तालमींनी आता हौद्याशेजारच्या खोलीत लोखंडी यंत्रे मांडली आहेत. कुस्तीपेक्षा दंड फुगविण्याची इच्छा असलेली मुले शुल्क भरून तेथे येतात, आणि त्या शुल्कातून हौद्याच्या तेल-ताकाचा खर्च निघतो. अशा ठिकाणी यंत्रांच्या खोलीत पाटी टांगलेली आढळते आणि हौद्याच्या भिंतीस फावडे टेकवून ठेवलेले असते. व्यवस्थापकांच्या हाती बरेच आहे. यंत्रांच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाकडे, मुलगा असो वा मुलगी, महिन्यातून एका सकाळी ते फावडे द्यावे, आणि त्या दिवसाचे शुल्क घेऊ नये.