फायब्रॉइडची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या, बहुतांशी कर्करोगरहित असणाऱ्या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने आणि गर्भाशय जागेवर ठेवून या गाठी काढण्याच्या पद्धतीस लॅपरोस्कोपिक मायोमेक्टॉमी असे नाव आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की बहुधा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया समजली जाते. प्रस्तुत शस्त्रक्रियेचा एक प्रमुख हेतू मात्र नेमका उलट, म्हणजे गर्भधारणेची शक्यता राखणे हा असतो.

जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीचा पाया घातला. गाठ मोठी असल्यास पोट उघडावेच लागते, ही समजूत पुढे अनुभवाने मागे पडली. मुंबईतील राकेश सिन्हा व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ९ सेंटिमीटरहून मोठी गाठ असलेल्या ५१ स्त्रियांवरील शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील सर्वांत जड गाठ ३.४ किलोग्रॅमची होती. सरासरी रक्तस्राव सुमारे ३२० मिलिलिटर होता; मात्र एका रुग्णात रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्याने काही तासांतच पोट उघडून गर्भाशय काढावे लागले.

== परिणाम ==

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत वेदना व ताप कमी राहतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. गर्भधारणेच्या बाबतीत मात्र दुर्बीण वरचढ ठरत नाही. इटलीतील बोलोन्या येथे १३१ स्त्रियांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात (२०००) दोन्ही गटांतील गर्भधारणेचे प्रमाण जवळजवळ सारखे, निम्म्याहून थोडे अधिक आढळले.

गाठी पुन्हा होऊ शकतात. लहान गाठी हाताला लागतात तशा दुर्बिणीतून जाणवत नाहीत. गर्भाशयावरील जखम थरांनुसार नीट शिवली नसेल, तर पुढील गरोदरपणात ती फाटण्याचा धोका असतो. तो एक टक्क्याहून कमी मानला जातो, पण घडल्यास आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. गाठीचे तुकडे करणाऱ्या यंत्रामुळे (मॉर्सेलेटर) न ओळखलेला कर्करोग पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. तेव्हापासून तुकडे पिशवीत करण्याचा प्रघात वाढला.

== नंदुरबार जिल्हा ==

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. फायब्रॉइडमुळे महिनोन्महिने होणारा अतिरिक्त रक्तस्राव त्यात मिसळला, की पंडुरोगाचे खरे कारण कोणते हे ठरवणेच कठीण होते. मुंबईच्या अहवालातील ३२० मिलिलिटर रक्तस्राव हिमोग्लोबिन १२ असलेली स्त्री सहन करते; ७ असलेल्या स्त्रीसाठी तोच आकडा धोक्याचा ठरतो.

म्हणून सिकलसेलची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी लागते. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रक्तातील आम्लता वाढते. त्यातच प्राणवायू, शरीराची उष्णता किंवा पाणी कमी पडल्यास सिकलसेलग्रस्त रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. केवळ वाहक असलेल्या स्त्रीला हा धोका बराच कमी असतो. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णास शरीरातील लोहाचा साठा न तपासता लोहाच्या गोळ्या देणे योग्य नाही. गाठ तात्पुरती लहान करणारी संप्रेरक-इंजेक्शने देऊन मिळालेल्या दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढवता येते.

नंदुरबार येथे २०२० च्या दशकाच्या आरंभी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवरून तेथे पोहोचणे सोपे नाही. नर्मदाकाठच्या काही गावांना तर तरंगत्या दवाखान्याचा आधार आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांना दोन-तीन आठवड्यांत कामावर परतता येणे हा दुर्बिणीचा मोठाच लाभ. परंतु गाठींवरचा कायमचा उपाय म्हणून गर्भाशयच काढण्याचा सल्लाही याच वर्गातील स्त्रियांना सहज मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांबाबत राज्य शासनाला २०१९ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली होती.

घरी बाळंत होण्याची प्रथा असलेल्या पाड्यांत शस्त्रक्रियेनंतरचा कागद विशेष महत्त्वाचा ठरतो. जखम किती खोल होती, गर्भाशयाची पोकळी उघडली गेली होती का आणि प्रसूती रुग्णालयातच करणे आवश्यक आहे का, याची नोंद त्यावर मराठीत असल्यास आशा कार्यकर्तीला ती वाचून पुढील गरोदरपणात वेळेवर रुग्णालयात पाठवता येते.