दांडगाई, मानसोपचार आणि समेटाची घाई

वसतिगृहातील एखाद्या मुलाला इतर मुले छळतात असे ध्यानी आले म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण एकच उपाय योजतात. दोघांना समोरासमोर उभे करावयाचे, एकाकडून क्षमा मागवायची, दुसऱ्याकडून ती देववायची आणि हातात हात घालावयास लावून प्रकरण मिटवायचे. हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. परंतु शालेय दांडगाईचा शास्त्रीय विचार गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ ज्या वाटेने होत आला, ती वाट पाहिली असता हा उपाय पुष्कळदा दुबळ्या मुलाच्याच अंगावर उलटतो असे म्हणणे भाग पडते. ही वाट प्रथम स्वीडन व नॉर्वे या देशांत पडली, म्हणून तिकडूनच प्रारंभ करणे उचित होईल.

१९६९ साली पेटर-पाउल हाइनेमान या स्वीडिश डॉक्टरने एका नियतकालिकात लेख लिहून हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. हाइनेमान स्वतः नाझी जर्मनीतून बालपणी परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबातला. आणि त्याने दत्तक घेतलेल्या कृष्णवर्णी मुलाला स्वीडनमध्ये इतर मुलांकडून जाच सोसावा लागत होता. या जाचाला त्याने 'मॉबिंग' हा शब्द योजला. तो प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून घेतलेला होता. दिवसा उजेडी सापडलेल्या घुबडाला कावळे घेरून टोचतात, हे दृश्य आपणांस परिचित आहे. त्याच क्रियेला तो शब्द लावीत. अर्थात हाइनेमानच्या दृष्टीने दोष होता तो जमावाचा, आणि जमावाचे पिसाट उतरले म्हणजे प्रत्येक मूल पुन्हा पहिल्यासारखे होई.

या कल्पनेला हरकत घेतली ती डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने. जन्माने स्वीडिश असलेल्या ओल्वेउसने (१९३१–२०२०) पुढे नॉर्वेतील बर्गन येथे आयुष्यभर हेच काम केले. स्टॉकहोम परिसरातील मुलांच्या अभ्यासावर त्याचा ग्रंथ १९७३ साली स्वीडिशमध्ये आणि १९७८ साली विस्तारित स्वरूपात इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे असे की, दांडगाई ही क्षणिक उसळी नव्हे. तीच मुले, त्याच मुलांना, वर्षानुवर्षे छळतात. आणि दोहोंतील बळाची विषमता हेच तिचे मर्म होय. दोन समबळ मुलांचे भांडण ही निराळी गोष्ट आहे.

त्याने लोकसमजुतीही एकेक करून तपासल्या. चष्मा, लठ्ठपणा, तांबडे केस अशा बाह्य वैगुण्यामुळे मूल छळाला बळी पडते, ही समजूत पुराव्यापुढे टिकली नाही. छळली जाणारी मुले सर्वसाधारणपणे भित्री, एकाकी आणि मुलगे असल्यास शरीराने दुबळी आढळली. याहून महत्त्वाचा निष्कर्ष छळणाऱ्यांविषयी होता. वरून दांडगट दिसणारा मुलगा आतून घाबरलेला व न्यूनगंडाने पछाडलेला असतो, असे मानसशास्त्रज्ञही मानीत. ओल्वेउसला तसे आढळले नाही. या मुलांत चिंता सरासरीइतकी किंवा त्याहून कमीच होती. म्हणजे 'बिचाऱ्याला प्रेम हवे आहे' एवढ्या निदानावर आधारलेले उपचार चुकीच्या दारावर थाप मारीत होते. आपल्या प्रवचनांतूनही हे निदान अद्याप अधूनमधून ऐकू येते, म्हणून मी यावर थोडा रेंगाळलो.

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील १० ते १४ वर्षे वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. सोबत्यांचा छळ हेच बहुधा कारण होते. देश हादरला. १९८३ च्या शरद ऋतूत शिक्षण खात्याने राष्ट्रव्यापी मोहीम सुरू केली. बर्गनमधील ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांवर ओल्वेउसने तिचे परिणाम मोजले, तेव्हा दोन वर्षांत दांडगाई निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटल्याचे दिसले. उपाय साधे होते: मधल्या सुटीत मोठ्यांची देखरेख, वर्गात ठरलेले नियम व नियमित सभा, आणि छळणारा, छळला जाणारा व दोघांचे पालक यांच्याशी गंभीर बोलणे. रोगालँड प्रांतात मात्र साहित्य पुरवून पुढे पाठपुरावा फारसा झाला नाही, आणि तेथे अशी घट आढळली नाही.

मग मानसोपचाराला येथे स्थान कोणते? माझ्या मते त्याची सर्वांत मोठी देणगी म्हणजे बोलण्याची रीत. उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांनी १९७० च्या दशकापासून जी पद्धती घडविली तिचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम टोळक्यातील प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावावयाचे. आरोप न करता, 'अमुक मुलाचे बरे चाललेले नाही असे कानी आले आहे. तुला काय ठाऊक आहे?' असे विचारावयाचे, आणि स्वतः काय करता येईल हे त्याच्याच तोंडून येईपर्यंत थांबावयाचे. पीडित मुलाशी बोलणे त्यानंतर, तेही स्वतंत्रपणे. काही दिवसांनी पुन्हा भेटी. सर्वांची एकत्र बैठक अगदी शेवटी, मुले तिला तयार झाल्यावर. टोळक्यापासून आरंभ केल्याने पीडित मुलावर चहाडीचा ठपका येत नाही. ही रीत फार सौम्य आहे, असा आक्षेप घेतला गेला आहे आणि मारहाणीच्या प्रसंगी तो मला रास्त वाटतो. तेथे शासन टाळता येणार नाही. तथापि क्रमाविषयीची दृष्टी खरी आहे. भावांना पाहताच ओळखणाऱ्या योसेफानेही त्यांना तत्काळ मिठी मारली नाही. त्यांचे अंतःकरण पालटल्याची खूण पटल्यावरच तो प्रकट झाला.

पीडित मुलासाठी उपचाराची गरज वेगळी व दीर्घ असू शकते. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या ७,७७१ मुलांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ७ व ११ व्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांत नैराश्य व चिंताविकार चाळीस वर्षांनंतरही अधिक प्रमाणात आढळले. 'मोठा झाला की विसरेल' या आपल्या आवडत्या दिलाशाला याहून स्पष्ट उत्तर नाही. विचार व वर्तन यांवर काम करणारे उपचार अशा मुलाच्या मनातील 'माझ्यातच काही उणे आहे' हा ग्रह हळूहळू सोडवितात, त्याला ठामपणे बोलण्याचा सराव देतात. मात्र वसतिगृहात छळ चालूच असताना केवळ त्या मुलाला समुपदेशकाकडे धाडणे म्हणजे त्यालाच रोगी ठरविणे होय.

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने रॅगिंगच्या अंगाने झाला. महाराष्ट्राने १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला, गोव्याने २००८ साली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ चा. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत नवागत विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक समुपदेशकांची सोय करण्यास सांगितले आहे. हे नियम उच्च शिक्षणसंस्थांचे आहेत. पाचवी-सातवीच्या मुलांची आपली लहान बोर्डिंगे त्यांच्या कक्षेत येत नाहीत, आणि तेथे रात्री मुलांजवळ असतो तो बहुधा धर्मशिक्षकच. तेव्हा त्याने काही लक्षणे जाणून असावीत: जेवण टाळणे, अंथरूण ओले होणे, वस्तू वारंवार 'हरवणे', सुटीनंतर परत येण्यास नकार देणे. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर धर्मगुरूंनी स्वतःवर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.