प्राचल, एसक्यूएल पृच्छेतील
माहितीसंचाला विचारावयाच्या पृच्छेत बदलत्या मूल्यासाठी राखून ठेवलेली जागा. अहवालाच्या पृच्छेचा सांगाडा कायम राहतो. महिना, जिल्हा वा खातेक्रमांक तेवढा दर खेपेस वेगळा पुरविला जातो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारलेली ही भाषा (मूळ नाव सीक्वेल) डोनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये असताना १९७४ साली प्रसिद्ध केली. पुढे तेथील सिस्टिम आर प्रकल्पात पृच्छा एकदाच संकलित करून पुनःपुन्हा चालविण्याची सोय झाली आणि प्राचलाला खरे महत्त्व आले.

मात्र मूल्य अज्ञात असताना शोधाचा मार्ग कसा निवडावयाचा, ही अडचण त्यातूनच उद्‌भवली. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांच्या १९७९ च्या निबंधात ‘अमुकाहून मोठे’ या अटीला अशा वेळी एक-तृतीयांश ओळी जुळतील, असे गृहीत धरले आहे; या आकड्याला विशेष अर्थ नसल्याची कबुलीही तेथेच आहे. मूल्यांची वाटणी विषम असल्यास एका मूल्यासाठी सोयीचा मार्ग दुसऱ्यासाठी अतिशय मंद ठरतो, हा अनुभव अद्यापि येतो.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. वापरणाऱ्याने टंकित केलेला मजकूर पृच्छेत थेट जोडल्यास तो मूल्य न राहता आज्ञा बनू शकतो. अशा घुसखोरीचे वर्णन १९९८ मध्ये फ्रॅक या नियतकालिकात आले. प्राचल पृच्छेपासून वेगळे पाठविल्यास हा धोका टळतो. कोष्टकाचे वा स्तंभाचे नाव मात्र सामान्यतः प्राचलाने देता येत नाही; ते अनुमत नावांच्या यादीशी ताडून घ्यावे लागते.